एक फॉरवर्ड म्हणजे एक आवृत्ती

प्रति,
परभणी जिल्ह्यातील व्हॉट्सॲप गट आणि टेलिग्राम चॅनेल चालवणारी सर्व ॲडमिन मंडळी,



चोरीची तक्रार पोलिसांकडे करायची सोडून तुमच्याकडे का, असे तुम्हाला वाटेल. पोलिसांचा आणि कोर्टाचा विषय पुढे येईलच. पण या जिल्ह्यात आज कुणाच्या हातात कोणते वाचन पडते, हे सगळ्यांत जास्त तुम्ही ठरवता. गंगाखेड ते जिंतूर आणि पाथरी ते पूर्णा, मराठी पुस्तकांचे बऱ्यापैकी दुकान शोधायला वणवण करावी लागते. तुमचे गट मात्र गल्लीगणिक आहेत. वाचकांचे, शिक्षकांचे, पोलीस भरतीच्या पोरांचे, एमपीएससीच्या अभ्यासिकांचे, सोयाबीन-कापसाच्या सल्ल्याचे, कीर्तनाच्या रेकॉर्डिंगचे. पूर्वी हे काम गावचा ग्रंथपाल, एसटी स्टँडवरचा अंकविक्रेता आणि एखादा हौशी मास्तर मिळून करत. ते तुमच्याकडे कुणी नेमणूक न करता आपसूक आले, आणि बहुतेक जण ते पदरमोड करून, झोपमोड करून निभावतात, हेही खरे. १९९५ मध्ये नारायण सुर्वे यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरवणारे, आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’ला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तेव्हा आपल्याच घरात आल्यासारखे पेढे वाटणारे परभणी हे गाव आहे. इथे वाचनाचे गट निघावेत यात नवल नाही आणि वाईट तर मुळीच नाही. तक्रार त्यातल्या एकाच सवयीची आहे: लहान निर्मात्याचा माल त्याला न विचारता वाटायची.

लहान निर्माता कोण, हे आधी स्पष्ट केलेले बरे, कारण ‘पायरसी’ म्हटले की मुंबईचे स्टुडिओ आणि कोटींचे आकडे डोळ्यांसमोर येतात. इथला लहान निर्माता म्हणजे स्वतःच्या पैशाने कवितासंग्रह काढणारा शिक्षक. चालू घडामोडींचा प्रश्नसंच बनवून दोन रुपये मिळवू पाहणारा, स्वतः परीक्षेत तीनदा अडकलेला पदवीधर. जाहिराती गोळा करत दोन महिने फिरून दिवाळी अंक काढणारा संपादक. मोबाइलवर शूटिंग आणि भाड्याच्या माइकवर आवाज घेऊन अर्ध्या तासाचा लघुपट करणारी चार मित्रांची टोळी. यांच्याकडे वकील नाही, विक्री विभाग नाही, नुकसान झाले तर दुसऱ्या खात्यातून भरून काढायची सोयही नाही. ईवाय ही सल्लागार कंपनी आणि आयएएमएआय ही इंटरनेट उद्योगाची संघटना यांच्या २०२४ च्या अहवालाने भारतातल्या पायरसीची २०२३ ची उलाढाल २२,४०० कोटी रुपये सांगितली. आकडा मोठा आहे, पण तो चित्रपटगृहांचा आणि ओटीटीचा आहे, आणि उद्योगाच्याच संघटनेने पुढे आणलेला असल्याने तो थोडा हात राखूनच वाचावा. आपल्या कामाचे एवढेच की परभणीचा प्रश्नसंच आणि मानवतचा कवितासंग्रह त्या बेरजेत कुठेच नाहीत. ज्यांचे नुकसान मोजलेही जात नाही, त्यांच्याविषयी हे पत्र आहे.

आता साधा हिशेब. व्हॉट्सॲपच्या एका गटात १,०२४ माणसे मावतात. टेलिग्रामच्या गटात दोन लाख, आणि चॅनेलला तर मर्यादाच नाही. याच्या शेजारी मराठी पुस्तकाची आवृत्ती ठेवून पाहा. हजार प्रती हा मराठी प्रकाशनाचा जुना रिवाज. आता तीनशे-पाचशे प्रतींवरच थांबणारे कितीतरी आहेत. म्हणजे भरलेल्या एका गटात एकदा टाकलेली पीडीएफ ही अख्खी आवृत्ती असते, कधी दोन. यावर लगेच उत्तर येते की उतरवून घेणारा प्रत्येक जण काही विकत घेणार नव्हता. बरोबर आहे, हजारांतले साडेनऊशे कदाचित उघडूनही पाहणार नाहीत. पण समजा, दीडशे रुपयांच्या प्रश्नसंचाच्या पाचशे प्रती छापल्या. सगळ्या खपल्या तर ७५,००० रुपये येतात, आणि डीटीपी, मुद्रितशोधन, छपाई, टपाल, विक्रेत्याची सूट वजा जाता हातात थोडेच उरतात. त्या हजारांतले पन्नास जण जरी एरवी विकत घेणारे असले, तरी ७,५०० रुपये गेले, आणि गेले ते याच उरणाऱ्यातले. छपाईवाला आपले बिल कमी करत नाही. मोठ्या निर्मात्याची चोरी नफ्यातून जाते. लहान निर्मात्याची चोरी पुढच्या पुस्तकातून जाते.

यावर कायदा आहे की. १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. त्याच्या ६३ व्या कलमात सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड आहे. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२२ रोजी स्पष्ट केले. म्हणजे ‘हे दिवाणी प्रकरण आहे, कोर्टात जा’ असे उत्तर यापुढे कोणत्याही ठाण्याला देता येऊ नये. ६२ वे कलम त्याहून उपयोगाचे: निर्माता जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथल्याच जिल्हा न्यायालयात दावा लावता येतो, मुंबई-दिल्लीला हेलपाटे नकोत. महाराष्ट्राचा एमपीडीए हा स्थानबद्धतेचा कायदा तर त्याहून कडक. गोदाकाठच्या माणसाला वाळू तस्कर म्हणजे कोण, हे समजावून सांगावे लागत नाही. त्याच वाळू तस्करांच्या, झोपडपट्टी दादांच्या आणि हातभट्टीवाल्यांच्या पंगतीत त्या कायद्याच्या लांबलचक नावात २००९ पासून ‘व्हिडिओ पायरेट’ही बसलेला आहे. आणि सिनेमासाठी २०२३ मध्ये वेगळी दुरुस्ती झाली, त्या नोव्हेंबरात माहिती व प्रसारण मंत्रालयाने १२ नोडल अधिकारी नेमले आणि तक्रारीवर ४८ तासांत कारवाईची सोय केली.

एवढे सगळे असून परभणीच्या निर्मात्याच्या हाती काय लागते? नोडल अधिकारी सिनेमाचे. पुस्तकाला, नोट्सना, दिवाळी अंकाला असा अधिकारी नाही. (तो असावा, ही मागणी सरकारकडे वेगळी करायची आहे, आणि त्या निवेदनावर तुमच्या सह्या मिळाल्या तर उत्तम.) कॉपीराइट कायद्याचे ५२ वे कलम आणि २०१३ च्या नियमांतला ७५ वा नियम मिळून असे सांगतात की लेखी तक्रार आली की साठवण करणाऱ्याने ३६ तासांत ती फाइल बंद करावी. पण तक्रारदाराने २१ दिवसांत सक्षम न्यायालयाचा हुकूम आणला नाही तर ती पुन्हा उघडायची मोकळीक आहे. ज्याचे खरे नाव माहीत नाही, ज्याच्या नंबराच्या जागी एक टोपणनाव आणि घुबडाचे चित्र आहे, अशा माणसाविरुद्ध तीन आठवड्यांत मनाई हुकूम मिळवायचा. दिवाळी अंकाचा खरा बाजार दसऱ्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंत, जेमतेम पाच आठवडे. वकीलपत्रावर सही होईपर्यंत त्यातला अर्धा सरतो, आणि तोवर तीच फाइल नाव बदलून दुसऱ्या तीन चॅनेलांवर जाते. यूट्यूबकडे चोरी आपोआप ओळखणारी यंत्रणा आहे, पण ती मोठा साठा असलेल्या मालकांना मिळते. लहानाने एकेक दुवा शोधायचा आणि एकेक अर्ज भरायचा. कायद्याचे हात लांब आहेत असे म्हणतात, पण ते वेळेवर पोचत नाहीत, हे आपल्याला विमा-अनुदानाच्या फायलींनी पुरेसे शिकवले आहे.

मग निर्मात्याने स्वतःच कुलूप का घालू नये? पासवर्ड, उघडणाऱ्याचे नाव प्रत्येक पानावर छापणे, स्क्रीनशॉट रोखणे, हे सगळे बाजारात मिळते. मराठीला कुलपाचा अनुभव जुना आहे. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. कारणांबद्दल अभ्यासकांचे एकमत नाही, परिणाम मात्र समोर आहे. ‘लीळाचरित्र’ हा मराठीतला आद्य गद्यग्रंथ, आणि पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला तो विसाव्या शतकापर्यंत जवळजवळ अनोळखी राहिला. ग्रंथ सुरक्षित राहिला, वाचक दुरावला. आजच्या कुलपांचे वेगळे नाही. त्याचा त्रास विकत घेणाऱ्यालाच होतो. त्यालाच ओटीपी मागितला जातो, त्याचाच फोन बदलला की पुस्तक उघडेनासे होते. कुलूप तोडून घेणाऱ्याच्या हाती मात्र सुटसुटीत, हलकी, कुठेही उघडणारी प्रत असते. शिवाय ज्याच्या संचाची किंमतच दीडशे रुपये, त्याने कुलपाचे मासिक भाडे कशातून भरावे? तेव्हा कायदा उशिरा येतो आणि कुलूप चुकीच्या माणसाला अडवते. मध्ये उरते ते फाटक, आणि त्या फाटकावर तुम्ही उभे आहात. २०२२ पासून व्हॉट्सॲपच्या ॲडमिनला गटातला कुणाचाही संदेश सर्वांसाठी पुसता येतो. जे कोर्टाच्या हुकमाने तीन आठवड्यांत होत नाही, ते तुमच्या अंगठ्याने तीन सेकंदांत होते. पत्र तुम्हाला लिहिण्याचे कारण हे.

इथे तुमच्यातले कायदा जाणणारे हात वर करतील: सदस्याने काही टाकले तर ॲडमिन जबाबदार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेच मार्च २०२१ मध्ये म्हटले आहे. म्हटले आहे, आणि योग्यच म्हटले आहे. एका सदस्याच्या आक्षेपार्ह संदेशाबद्दल, समान हेतू किंवा आधीची मसलत नसताना, ॲडमिनला गुन्ह्यात ओढू नये, असा तो निर्णय आहे. त्याचा आधार कुठवर पुरतो, ते मात्र नीट पाहावे. फाइल जेव्हा ॲडमिनच टाकतो, ‘आजचा संच’ म्हणून रोज सकाळी सात वाजता टाकतो, गटाचे नावच ‘फ्री पीडीएफ’ ठेवतो, तेव्हा सदस्याच्या आड लपायला जागा राहत नाही. टेलिग्राम चॅनेलवर तर ॲडमिनशिवाय कुणाला काही टाकताच येत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये ‘दैनिक जागरण’च्या ई-पेपरबाबत टेलिग्रामला असे चॅनेल ४८ तासांत काढायला आणि चालवणाऱ्यांची माहिती द्यायला सांगितले. ३० ऑगस्ट २०२२ चा आदेश आपल्या अधिक जवळचा आहे. नीतू सिंह या स्पर्धा परीक्षांच्या शिक्षिका. त्यांची पुस्तके आणि व्याख्याने चॅनेलांवरून वाटली जात होती. सर्व्हर सिंगापूरला आहेत, तिथला गोपनीयतेचा कायदा आड येतो, हा टेलिग्रामचा बचाव न्यायालयाने मानला नाही, आणि चॅनेल चालवणाऱ्यांचे फोन नंबर व आयपी पत्ते द्यायला लावले. टोपणनावामागचे नाव निघू शकते, फक्त त्याला दिल्लीच्या उच्च न्यायालयापर्यंत जाण्याची ऐपत लागते. तुमच्या एखाद्या सदस्याला भीती दाखवण्यासाठी हे लिहीत नाही. ज्याला ती ऐपत नाही, त्याच्याशी कसे वागायचे एवढाच प्रश्न उरतो, आणि तो कायद्याचा प्रश्न नाही.

‘आम्ही पैसे कुठे घेतो?’ हे तुमचे सर्वांत नेहमीचे आणि बहुतेक वेळा प्रामाणिक उत्तर. कायद्याने ते ऐकून घेतले आहे. व्यापारी फायद्यासाठी चोरी केलेली नसेल तर विशेष कारणे नोंदवून शिक्षा कमी करता येते, असे ६३ वे कलमच म्हणते. पण गुन्हा पुसला जात नाही. ५१ वे कलम तर स्पष्ट सांगते की मालकाला बाधेल इतक्या प्रमाणावर चोरट्या प्रती वाटणे हेही उल्लंघनच आहे, धंद्यासाठी असो वा नसो. शिवाय ‘पैसे घेत नाही’ हे प्रत्येक चॅनेलाबाबत खरे नाही. स्पर्धा परीक्षांच्या कितीतरी चॅनेलांवर दुसऱ्याच्या नोट्स हे आमिष असते. पाच फुकट पीडीएफनंतर सहावी पोस्ट स्वतःच्या बॅचच्या प्रवेशाची असते. आणि तीच पीडीएफ अभ्यासिकेजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे जाऊन स्पायरल बाइंडिंगमध्ये विकली जाते. म्हणजे विद्यार्थ्याने पैसे दिले, झेरॉक्सवाल्याला मिळाले, क्लासवाल्याला गिऱ्हाईक मिळाले, कागद बनवणाऱ्या गिरणीलासुद्धा मिळाले. साखळीत एकटा लिहिणारा राहिला.

गरिबीचा मुद्दा यापेक्षा जड आहे, आणि तो झटकून टाकणाऱ्याला या जिल्ह्यात राहण्याचा हक्क नाही. कोरडवाहू शेतीवर मुलाला परभणीला खोली घेऊन ठेवणाऱ्या बापाला दीडशे रुपये म्हणजे दीडशेच असतात. पण हा मुद्दा मांडताना आपण नकळत असे धरून चालतो की एका बाजूला गरीब वाचक आणि दुसऱ्या बाजूला श्रीमंत मालक. परभणीत दोघेही एकाच गावचे, बऱ्याचदा एकाच अभ्यासिकेतले. गरिबाची सोय दुसऱ्या गरिबाच्या खिशातून करायची, याला मदत म्हणता येत नाही. खरोखर अडलेल्या विद्यार्थ्यासाठी दारे आहेत. बालभारतीची पाठ्यपुस्तके पीडीएफ स्वरूपात अधिकृतपणे फुकट मिळतात. मराठी विश्वकोश पूर्ण खुला आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तके मंडळाच्याच संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. ई-साहित्य प्रतिष्ठान लेखकांची परवानगी घेऊन पुस्तके मोफत वाटते. दृष्टिहीन वाचकांसाठी पुस्तक ध्वनी वा ब्रेल रूपात आणायला तर कायद्यानेच मोकळीक आहे, तिथे परवानगी मागत बसू नका, बिनधास्त करा. शिक्षकांच्या गटांनाही एक सांगायचे आहे. दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स दुकानाचा २०१६ चा निकाल तुम्ही दाखवता, आणि शिकवण्यासाठी केलेल्या प्रतींना संरक्षण मिळाले हे खरेच आहे. पण ते अभ्यासक्रमाला लागणाऱ्या उताऱ्यांच्या संचाला, शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातल्या अध्यापनाला मिळाले. कोण वाचतो याचा पत्ता नसलेल्या अठरा हजारांच्या चॅनेलला ‘वर्ग’ म्हणणे हे त्या निकालाचे वाचन नव्हे, ओढाताण आहे.

एका तक्रारीला मात्र आम्हा निर्मात्यांकडे धड उत्तर नाही. ‘विकत घ्यायला तयार आहोत, पण मिळतच नाही.’ खरे आहे. पुस्तक संपलेले असते, पुन्हा छापले जात नाही, ई-बुक काढलेले नसते, प्रकाशक फोन उचलत नाही, आणि सेलूच्या वाचकाने तीनशेच्या पुस्तकासाठी छत्रपती संभाजीनगरला जावे अशी अपेक्षा असते. यूपीआयवर चहाचे दहा रुपये घेता येतात त्या काळात मराठी निर्माता आपल्या पुस्तकाची अधिकृत पीडीएफ चाळीस रुपयांना विकत नाही, यात आळस आहे, आणि थोडी भीतीही आहे: अधिकृत पीडीएफ विकली की तीच उद्या तुमच्या गटात येईल. भीतीने विकायचे नाही, मिळत नाही म्हणून चोरायचे, चोरी होते म्हणून आणखी भ्यायचे, असे हे रहाटगाडगे आहे. ते कुणीतरी कुठेतरी थांबवायला हवे, आणि पहिले पाऊल आमच्याकडून पडावे हे मान्य. पण ज्या दिवशी एखादा संपादक ‘अंकाची पीडीएफ पन्नास रुपयांत, या नंबरवर’ असे जाहीर करेल, त्या दिवशी तुमच्या गटात ती फुकट येणार नाही, एवढी हमी त्याला तुमच्याशिवाय कोण देणार?

‘जाहिरातच होते की तुमची!’ असेही म्हटले जाते, आणि पुरावा म्हणून ‘सैराट’ पुढे केला जातो. २०१६ च्या त्या उन्हाळ्यात मोबाइलच्या दुकानांतून चोरट्या प्रती फिरत होत्या, तरी तो शंभर कोटींचा टप्पा गाठणारा पहिला मराठी चित्रपट ठरला. ठरला, कारण त्याला चित्रपटगृहे होती, गाणी होती, थिएटरात शिट्ट्या मारायला जायचे म्हणून जाणारी गर्दी होती. चोरी सोसून जो उभा राहिला तो आपल्याला दिसतो, जे बसले त्यांची नावे आपल्याला माहीतही होत नाहीत. पुरातून पोहून आलेल्या एकाला दाखवून पूर चांगला असतो असे कुणी म्हणत नाही. आणि जाहिरात म्हणाल तर ती कुणाची? गटात येणाऱ्या निम्म्या फायलींवरून मुखपृष्ठ, श्रेयपान, लेखकाचा नंबर कापलेला असतो, आणि वर तिरक्या अक्षरांत चॅनेलचे नाव छापलेले असते.

हा कापण्याचा प्रकार मला फाइल वाटण्यापेक्षाही जास्त खुपतो. परंपरेचा दाखला देणाऱ्यांना त्याबद्दल विशेष विचारायला हवे. आपले संतसाहित्य कुणाच्या मालकीचे नव्हते, मुखामुखी गेले, पोथ्यांतून उतरवले गेले, मग आता हा मालकीचा सोस कशाला, असे म्हणतात. गंगाखेडच्या जनाबाईकडेच पाहू. तिचे अभंग साऱ्या महाराष्ट्राने फुकट गायले, सातशे वर्षे गायले. पण दळणकांडण करणाऱ्या त्या बाईने प्रत्येक अभंगात आपली नाममुद्रा विणून ठेवली, आणि ओवी म्हणणाऱ्या अक्षरशत्रू बायांनीही ती गाळली नाही. वाटणे ही परंपरा खरीच, पण नाव राखून वाटणे ही ती परंपरा आहे. कायद्याच्या ५७ व्या कलमाने लेखकाला हाच हक्क दिला आहे: हक्क विकून टाकले तरी कृती माझी आहे असे म्हणण्याचा. पुस्तक एकमेकांना देण्याच्या जुन्या रीतीशीही फॉरवर्डची तुलना चुकीची आहे. आपले पुस्तक शेजाऱ्याला दिले की आपले कपाट तेवढे रिकामे होते, आणि ते परत येईपर्यंत मनाला हुरहूर असते. फॉरवर्ड करणाऱ्याचे कपाट भरलेलेच राहते, दुसऱ्याचे मात्र रिकामे होते.

आता मागणे. तुमच्या गटात फाइल आली आणि तिच्या निर्मात्याने ‘ही माझी आहे, काढा’ असे कळवले, तर त्याच दिवशी काढा. त्याच्याकडे नोंदणीचे प्रमाणपत्र मागू नका. कॉपीराइट लिहिताक्षणी मिळतो, नोंदणी सक्तीची नाही, आणि पुस्तकाच्या नोंदणीचे पाचशे रुपये भरून महिनोन्महिने थांबणे प्रत्येकाला जमत नाही. ‘अमुकची पीडीएफ आहे का?’ या प्रश्नाला फाइलीऐवजी पुस्तक कुठे मिळेल ते सांगायची सवय लावा. लेखकाचा, प्रकाशकाचा नंबर द्या, जिल्हा ग्रंथालयात किंवा गावच्या वाचनालयात प्रत आहे का ते सांगा. विकत घ्यायला परवडत नाही असा सदस्य असेल तर त्याच्या वतीने तुम्हीच निर्मात्याला एक संदेश करा. दहा प्रती एकदम घेतो, सवलत द्या, असे गटाने विचारले तर नाही म्हणणारा लहान निर्माता विरळाच. नवा अंक, नवा संच निघाल्यावर निदान पहिले सहा महिने तरी त्याची फाइल फिरू देऊ नका. खपायचे ते त्यातच खपते.

आणि वाटण्याची हौस दांडगी असेल, ती असावीच, तर तिच्यासाठी आपल्या घरातच काम पडून आहे. परभणीचे कवी-कादंबरीकार बी. रघुनाथ १९५३ मध्ये गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हा कायद्याचा नियम, तेव्हा त्यांच्या हयातीत छापले गेलेले लेखन २०१४ च्या १ जानेवारीपासून सर्वांचे झाले आहे. त्यांच्या नावाचे सभागृह परभणीत आहे, त्यांच्या नावाने कार्यक्रम होतात, पण त्यांच्या कविता आणि कादंबऱ्या नीट टंकलिखित करून, मुद्रितशोधन करून, फोनवर वाचता येतील अशा किती गटांवर आहेत? ज्या हाताने कालच्या कवीचा संग्रह स्कॅन होतो, त्याच हाताला हे करता येईल, कुणाची परवानगी न घेता, कुणाच्या पोटावर पाय न देता. एवढेच पाहा की जुन्या आवृत्तीचा मजकूर घ्या. अलीकडच्या आवृत्त्यांतल्या प्रस्तावना आणि टिपा लिहिणाऱ्यांचे हक्क अजून शाबूत आहेत. साने गुरुजींचे लेखन त्याआधीच, २०११ पासून खुले झाले आहे. बी. रघुनाथांच्या एका कादंबरीचे नाव ‘जगाला कळले पाहिजे’ असे आहे. सुरुवात तिच्यापासूनच करावी असे सुचवतो. जिल्ह्यातल्या दहा गटांनी वीस-वीस पाने वाटून घेतली तर पावसाळ्याभरात पुस्तक उभे राहते. मुद्रितशोधनाला लहान निर्मात्यांपैकी काही जण निश्चित बसतील, ते काम त्यांना रोजचेच आहे.

शेवटी, गटाच्या माहितीच्या चौकटीत दोन ओळी टाकाव्यात अशी विनंती. मसुदा देतो, हवा तसा बदला: ‘या गटात हक्क असलेल्या पुस्तकांच्या, अंकांच्या, नोट्सच्या फाइली टाकू नयेत. पुस्तक हवे असल्यास नाव विचारा, कुठे मिळेल ते सांगू.’ ही चौकट भरायला लागणाऱ्या वेळात एक चहासुद्धा होत नाही. ज्यांनी ती भरली त्यांनी कृपया आपल्या गटाचे नाव कळवावे. येत्या दिवाळीत अंक काढणाऱ्यांना ती यादी देता येईल, आणि त्या गटांसाठी अंकाची किंमत कमी करायला त्यांना सांगता येईल.



आपला,
परभणी जिल्ह्यातील एक लहान निर्माता